बाराव्या वर्षाची वेस

भाद्रपदातल्या पौर्णिमेला आमच्याकडे भुलाबाई मांडतात आणि कोजागिरीला तिची बोळवण करतात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा भुलाबाई-भुलोजींची मातीची जोडी वर्ध्यातल्या घराघरांतून निरोप घेऊन काही दिवस झालेले असतील. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना भोंडला आणि हादगा ठाऊक असतो. विदर्भातली भुलाबाई ही त्यांचीच बहीण, पण मुक्कामाला जास्त राहणारी. ती महिनाभर बसते.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस, इतवाऱ्यामागच्या आमच्या गल्लीत आम्ही आठ-नऊ मुली दिवेलागणीला टिपऱ्या घेऊन निघत असू. एका घरची गाणी झाली की तिथल्या खिरापतीचा डबा कानाशी वाजवून आत काय आहे ते ओळखायचे, खिरापत खायची आणि पुढच्या घरी जायचे. रोज दहा-बारा घरे होत. शेवटच्या घरून परतताना रात्रीचे नऊ वाजलेले असत. कोजागिरीला जोंधळ्याच्या धांड्यांचा मांडव घालून जागरण होई, त्या दिवशी तर वेळेचा हिशेबच नसे. या महिन्यात आम्ही गल्ली ओलांडत होतो, ओळखीच्या नसलेल्या घरांत शिरत होतो, अंधारातून परतत होतो आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे.

भुलाबाई उठली की दुसऱ्याच दिवसापासून उंबऱ्यावर तोच जुना प्रश्न यायचा: ‘कुठं चालली वं? कायले?’ (‘कायले’ म्हणजे ‘कशाला’, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी.) माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या दादालाही प्रश्न विचारला जाई, पण तो घरी परतल्यावर: ‘कुठं होता रे इतका वेळ?’ मला बाहेर पडताना विचारत आणि त्याला आत येताना. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. पुढे वर्धा जिल्ह्याच्या शिक्षणाचा इतिहास जमेल तसा, मिळेल तिथून वाचू लागले, तेव्हा मात्र हा प्रश्न जागोजागी भेटत राहिला. अहवालांत, नियमांत, योजनांत तो निराळ्या शब्दांत लिहिलेला होता. या लेखात त्याचाच माग काढायचा आहे.

### मोकळे फिरणे मोजता येते का?

मूल मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय घरापासून किती लांब जाऊ शकते, हा आपल्याकडे इतिहासाचा विषय मानला जात नाही. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मानला. १९७१ मध्ये तिथली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले शाळेत एकटी किंवा बरोबरीच्या मुलांसोबत जात होती. १९९० मध्ये त्याच शाळांत पुन्हा पाहणी केली तेव्हा हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले होते. मोटारी वाढल्या, भीती वाढली आणि मुलांचे पाय घरात अडकले, असा त्याचा अर्थ लावला गेला.

अमेरिकेतल्या रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९७०च्या दशकात एका लहानशा गावातल्या मुलांबरोबर हिंडून त्यांचे नकाशे तयार केले. त्याला मुलग्यांचा वावर मुलींपेक्षा बराच मोठा आढळला. त्याहून मोलाची त्याची दुसरी नोंद आहे. आईवडिलांनी घालून दिलेली हद्द मुलगे ओलांडत आणि हे आईवडिलांना ठाऊक असे, पण ते काणाडोळा करत. मुलींच्या बाबतीत हा काणाडोळा नव्हता. म्हणजे कागदावरचा नियम दोघांना सारखा असला तरी तो मोडण्याची मुभा एकालाच होती. इंग्रज लेखक कॉलिन वॉर्ड याने १९७८ साली ‘शहरातले मूल’ या विषयावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याला मुलींसाठी वेगळे प्रकरण घालावे लागले. रस्त्यावरच्या मुलांची छायाचित्रे पाहताना मुली मागे कुठेतरी उभ्या दिसतात, हे त्याच्या लक्षात आले होते.

हे वाचल्यावर मी आणि दादा एका दुपारी कागद घेऊन बसलो आणि वयाच्या बाराव्या वर्षी आपापले वर्धा केवढे होते ते काढले. दादाच्या कागदावर रेल्वेचा पूल होता, मालधक्का होता, आर्वी नाका होता, तासावर सायकल भाड्याने देणारे दुकान होते आणि कोपऱ्यात पवनारची धाम नदीसुद्धा होती. आठेक किलोमीटर कैची मारत सायकल हाणून तो तिथे पोहायला जाई. माझ्या कागदावर घर, शाळा, किराण्याचे दुकान, मावशीचे घर आणि देऊळ होते. या पाच ठिकाणांना जोडणाऱ्या रेघा मी अचूक काढल्या, कुठल्या वळणावर कुणाचे घर हेही सांगितले. पण रेघांच्या मधल्या जागेत काय होते ते मला सांगता येईना. दादाला रस्त्यांची नावे येत नव्हती, मात्र मधल्या जागा सगळ्या येत होत्या. त्याच्या वाट्याला परिसर आला होता आणि माझ्या वाट्याला रस्ता.

### आखीव गाव

वर्धा हे काही चक्रव्यूह असलेले जुने शहर नव्हे. १८६२ साली नागपुरातून वेगळा काढून हा जिल्हा केला गेला तेव्हा त्याचे मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी नवे गाव वसवले गेले. जुनी घरे पाडून रुंद आणि सरळ रस्ते आखले गेले. पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि वर्धा त्या मार्गावर आले. बोळ नाहीत, वाडे नाहीत, कोट नाही, वेशीचा दरवाजा नाही. २०११च्या जनगणनेतसुद्धा शहराची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वरच होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मूल सहज चालत जाईल एवढेच ते गाव.

शिवाय हा चालणाऱ्यांचा जिल्हा. गांधीजी १९३४ मध्ये मगनवाडीत आले आणि १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला राहायला गेले. त्यांच्या रोजच्या फेरफटक्याचे वर्णन केल्याशिवाय सेवाग्रामच्या आठवणी पुऱ्या होत नाहीत. ज्या प्रवासातून भूदान उभे राहिले, त्यासाठी विनोबा मार्च १९५१ मध्ये इथूनच पायी निघाले. पायाने देश मोजणारी माणसे ज्या जिल्ह्याने पाहिली, तिथे लहान मुलीला गल्लीच्या टोकापर्यंत जायला कारण का लागावे? आखणीत वेस नव्हती, तरी ती होती. गाव आखणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने ती आखली नव्हती एवढेच.

सणांकडे पाहिले की ही वेस दिसू लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा त्यातल्या भल्यामोठ्या लाकडी नंद्यांसाठी नावाजलेला आहे. मुले चाकांचे लाकडी बैल ओढत चौकात जमतात आणि नंतर घरोघर जाऊन बोजारा मागतात. तो भर दिवसा होतो, चौकात होतो, गावासमोर होतो. होळीसाठी लाकडे गोळा करायला, आणि पळवायलाही, मुलगे गावभर हिंडत. आम्ही अंगणात बसून शेणाच्या चाकोल्या थापत असू. भुलाबाईत आम्ही बाहेर पडत होतो ते एका घराच्या आतून दुसऱ्या घराच्या आत जायला. आणि त्या गाण्यांत तरी काय असायचे? सासर आणि माहेर, आणि त्या दोहोंमधली वाट. आठ वर्षांच्या मुलीला सण सांगत होता की तुझा नकाशा दोन घरांचा आहे. हे खरे असले तरी त्या महिन्याची किंमत मी कमी करणार नाही. गाणी कसलीही असोत, पाय आमचे होते. आता आता तान्हा पोळ्यात मुलीही नंदी घेऊन येऊ लागल्या आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

### वर्धा योजनेतली सवलत

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात देशभरातले शिक्षणतज्ज्ञ जमले. गांधीजी अध्यक्ष होते. त्या परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिच्यात विनोबा होते, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू होते. ई. डब्ल्यू. आर्यनायकम निमंत्रक होते आणि आशादेवीही समितीत होत्या. २ डिसेंबरला अहवाल तयार झाला. ‘वर्धा योजना’ म्हणून तो जगभर गेला आणि पुढच्या वर्षी त्यातूनच हिंदुस्थानी तालिमी संघ उभा राहिला.

या अहवालाचा मला आदर आहे. मूल हाताने काम करत शिकेल, मातृभाषेत शिकेल, आणि सात ते चौदा या वयातल्या प्रत्येक मुलाला व मुलीला शिक्षण मोफत आणि सक्तीचे असेल, असे म्हणण्याचे धाडस त्या काळात थोड्यांनी केले होते. साडेपाच तासांच्या शाळेतले तीन तास वीस मिनिटे सूतकताईसारख्या उद्योगाला दिलेली होती. मुलगा आणि मुलगी एकाच वर्गात चरखा चालवणार होते.

पण अहवाल पुढे वाचत गेले की एक सवलत येते. मुलीने वयाची बारा वर्षे पुरी केली की पालकांच्या इच्छेनुसार तिला शाळेतून काढून घेता येईल. मुलग्यासाठी अशी सवलत नाही. त्याच्याच जोडीला अभ्यासक्रमातही फाटे आहेत. चौथ्या-पाचव्या इयत्तेत मुलींसाठी गृहविज्ञान आहे आणि सहाव्या-सातव्या इयत्तेत त्यांना मूळ उद्योगाऐवजी प्रगत गृहविज्ञान घेता येईल.

मी या ओळीशी अनेकदा थांबले आहे. ‘सवलत’ हा शब्द कोणाला उद्देशून आहे? मुलीने ती मागितलेली नाही. ती दिली आहे पालकांना. आणि बाराच का? कायद्यात बाराचा आकडा आधीच येऊन गेला होता. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतीचे वय दहावरून बारावर नेले होते आणि त्यावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला हे वाचकांना माहीत आहे. पण १९३७ पर्यंत कायदा पुढे सरकला होता. १९२९ साली संमत झालेल्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले होते. म्हणजे वर्धा योजनेच्या हिशेबात मुलीला बाराव्या वर्षी शाळा सोडता येत होती आणि चौदाव्या वर्षापर्यंत तिचे लग्न मात्र करता येत नव्हते. मधली दोन वर्षे ती कुठे असणार? अहवाल सांगत नाही, कारण सांगायची गरजच कोणाला वाटली नसावी. ती घरात असणार होती.

समितीने हे वाईट हेतूने लिहिले असे मला वाटत नाही. उलट, सक्तीच्या भीतीने पालक मुलींना मुळीच शाळेत घालणार नाहीत, निदान बारापर्यंत तरी येऊ द्यावे, असा व्यवहारी विचार त्यामागे असावा. माझ्या आईकडे पाहिले की हे पटते. ती आर्वीची. पन्नाशीच्या दशकात तिने सातवी फायनल केली, न्हाण आले आणि शाळा सुटली. तिला कोणी कोंडले नव्हते. ती म्हणते, ‘मनाई कोणी केली नाही. फक्त कोणी कुठं पाठवेना.’ तिच्या या दोन वाक्यांत मला त्या सवलतीचा अर्थ उलगडला. मुलीला थांबवण्यासाठी बंदी लागत नाही. तिला पाठवायचे बंद केले की पुरते.

### आवार आणि सायकल

वर्ध्यातच या विचाराला छेद देणारे काम चालू होते हेही सांगायला हवे. जानकीदेवी बजाज यांनी मारवाडी घराण्यातला पडदा सोडला होता. जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या महिलाश्रमात सत्याग्रहींच्या मुली, बहिणी, पत्नी राहून शिकत. १९३३ मध्ये गांधीजींनी साबरमती आश्रम विसर्जित केला तेव्हा तिथल्या काही मुली आणि स्त्रियाही तिथेच आल्या. देशाच्या दूरदूरच्या कोपऱ्यांतून मुली एकट्या वर्ध्याला येऊ लागल्या, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

पण या सुधारणेचेही एक रूप लक्षात घेतले पाहिजे. मुलीला बाहेर आणायचे तर तिच्यासाठी आधी एक आवार बांधावे लागले. महिलाश्रम, कन्याशाळा, वसतिगृह, सगळीकडे एक फाटक होते आणि फाटकाशी कोणीतरी होते. घराच्या भिंतींपेक्षा हे आवार कितीतरी मोठे आणि मोकळे होते. तरी गाव फाटकाबाहेरच राहिले. मुलगी शेकडो मैल ओलांडून वर्ध्याला पोहोचत होती, पण वर्ध्यातला बाजार तिने एकटीने पाहिला असेलच असे नव्हे.

शेजारच्या नागपुरात याच सुमारास एक मुलगी सायकलवरून शाळेत जाऊ लागली. कौसल्या बैसंत्री यांचा जन्म १९२६चा. दलित वस्तीत वाढलेल्या, आईवडील गिरणीत कष्ट करणारे. जाईबाई चौधरींच्या शाळेतून त्या सीताबर्डीच्या भिडे कन्या शाळेत गेल्या. ‘दोहरा अभिशाप’ हे त्यांचे हिंदी आत्मकथन १९९९ मध्ये आले. शाळेच्या वाटेवर सायकल चालवणाऱ्या या मुलीला सवर्णांनी कसे हिणवले ते त्यांनी लिहून ठेवले आहे. सवर्ण मुलीला रस्त्यावर पाहून लोकांना तिच्या घरच्या अब्रूची चिंता वाटे. दलित मुलीला सायकलवर पाहून तिने आपली पायरी सोडली असे वाटे. दोन्हीकडे तक्रार मुलीच्या बाहेर असण्याबद्दलच होती, पण दुसऱ्या तक्रारीत जातीचे विष मिसळलेले होते. पुस्तकाच्या नावातला दुहेरी शाप तो हाच.

### ओझे घेऊन मोकळ्या

इथवरचे वाचून असे वाटेल की मुली घराबाहेर दिसतच नव्हत्या. तसे नाही. वर्धा हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाटच्या कापसाचे नाव इंग्रजी व्यापाऱ्यांच्या तोंडी होते. त्या कापसाची वेचणी बायका आणि मुलींच्या हातांनी होत आली आहे. निंदणाला, वेचणीला, पाण्याला, सरपणाला जाणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुली रोज मैल-दोन मैल चालत. पायांखाली आलेली जमीन मोजली तर मजुराच्या मुलीचे गाव माझ्यासारख्या कारकुनाच्या मुलीच्या गावापेक्षा मोठे होते.

पण तिच्या डोक्यावर काहीतरी असे. घागर, भारा, कापसाचे गाठोडे. नाहीतर कडेवर धाकटे भावंड. ढोरकी पोरगाही कामालाच जाई, पण गुरे चरायला लागली की दुपार त्याची असे. तो झाडावर चढे, डोहात उडी मारी, विटीदांडू मांडी. घागर भरल्यावर मुलीला थांबता येत नाही. मुलीचे बाहेर असणे तिच्या हातातल्या कामाने चालवून घेतले जाते, आणि काम संपले की ते चालवून घेणेही संपते. ‘कायले?’ या प्रश्नाचे उत्तर तिच्या डोक्यावरच असल्यामुळे तिला कोणी विचारत नसे इतकेच.

मुंबईतल्या स्त्रियांच्या सार्वजनिक वावरावर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये पुस्तक लिहिले. बाईला रस्त्यावर असण्यासाठी सतत काहीतरी हेतू दाखवावा लागतो, विनाकारण रेंगाळण्याचा हक्क तिला नाही, हे त्यांचे म्हणणे. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की हा हेतू दाखवण्याची सवय मुंबईच्या लोकलमध्ये लागत नाही. ती आठ-दहाव्या वर्षी, आपल्याच उंबऱ्यावर लागते.

### दिलेला रस्ता

गेल्या काही दशकांत सरकारने मुलींना रस्ता दिला, हे खुल्या मनाने मान्य केले पाहिजे. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास मोफत झाला. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत मुलींना सायकली मिळाल्या आणि गाव ते शाळा धावणाऱ्या निळ्या बसगाड्या सुरू झाल्या. सायकलीने काय होते याचा पुरावा बिहारमधून मिळतो. तिथे २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी मोजले तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुली ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींमधले अंतर ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत हा परिणाम विशेष होता. बारा वर्षांची वेस सायकलीच्या चाकाने पुढे ढकलली, असे खुशाल म्हणावे.

तरी पाहा, निळी बस गावातून निघते आणि शाळेत पोहोचते, शाळेतून निघते आणि गावात पोहोचते. मोफत पास शाळेसाठी आहे. सकाळी मुलींच्या सायकलींची रांग मी रस्त्यावर पाहते, तेव्हा आनंद होतो. संध्याकाळी पाचनंतर त्याच सायकली अंगणात उभ्या असतात किंवा भाऊ त्या घेऊन गेलेला असतो. रस्ता लांब झाला, रुंद झाला. परिसर अजून मिळालेला नाही.

आणि रस्ता तरी सुरक्षित असतो का? ३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी हिंगणघाटच्या नंदोरी चौकात, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या वाटेने कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला पेटवून देण्यात आले. आठवड्याने ती गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आरोपीला जन्मठेप झाली. ती मुलगी विनाकारण फिरत नव्हती. ‘कायले?’ या प्रश्नाचे तिच्याइतके चोख उत्तर कोणाकडे असेल? दिवस होता, चौक होता, माणसे होती, काम होते. आणि मारणारा अनोळखी नव्हता, तिच्याच गावचा होता.

त्यानंतरच्या आठवड्यांत माझ्या ओळखीच्या घरांमध्ये काय झाले ते मला आठवते. एका घरी नववीतल्या मुलीची सायकल बंद झाली आणि वडील तिला स्कूटरवर सोडू लागले. दुसऱ्या घरी संध्याकाळची शिकवणी सुटली. त्यांच्या काळजीला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, मीही तेव्हा भाचीला दोनदोनदा फोन करत होते. पण या घरांतल्या मुलग्यांच्या दिनक्रमात काहीच बदलले नाही. मुलगा कुठे असतो, कोणाच्या मागे फिरतो, हे त्या महिन्यात तरी कोणी त्याला उंबऱ्यावर अडवून विचारायला हवे होते. धोका ज्या बाजूने आला तिच्यावर पहारा बसला नाही. तो नेहमीच्याच ठिकाणी बसला.

### भाचीचा कागद

यंदा भुलाबाईच्या महिन्यात मी माझ्या बारा वर्षांच्या धाकट्या भाचीलाही तिचे वर्धा काढायला सांगितले. तिने घर काढले, शाळा काढली, शिकवणी काढली आणि त्यांच्या मध्ये व्हॅन काढली. रस्ता काढलाच नाही. ‘मागच्या सीटवरून दिसत नाही गं मावशी,’ म्हणाली. तिच्या वर्गातल्या मुलग्याचा कागदही आता फारसा वेगळा नसेल, कारण तोही व्हॅनमध्येच असतो. इंग्लंडात झाले तेच आपल्याकडे होऊ घातले आहे आणि या बाबतीत मुलगे-मुली एकमेकांच्या जवळ येत आहेत, दोघांचेही गाव लहान होऊन. फरक पंधराव्या वर्षी पुन्हा उघडा पडतो. मुलगा वडिलांची गाडी घेऊन, परवाना नसताना, चौकात उभा असतो आणि घरचे काणाडोळा करतात.

शिक्षण हक्क कायद्याखाली राज्याने केलेले नियम सांगतात की पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही आणि १९३७ ची ती सवलतही आता कुठल्याच कागदावर नाही. ती उंबऱ्यावर शिल्लक आहे, आणि उंबरा आपला आहे.

भुलाबाई आता बहुधा सभागृहात होते. स्पर्धा असते, एकसारख्या साड्या असतात, आया मुलींना गाडीने आणतात आणि नेतात. गाणी टिकली याचे समाधान आहे. पण यंदा आमच्या गल्लीतल्या चौघी जणींच्या घरी मी विनंती केली की एक संध्याकाळ मुलींना पायी जाऊ द्या, मोठे कोणी बरोबर नको. तीन घरांनी होकार दिला. चौथ्या घरच्या आजींनी आधी विचारले, ‘कायले?’ मग थोड्या वेळाने त्याही हो म्हणाल्या. मुली साडेआठला परत आल्या. खिरापत सहाच घरी मिळाली होती, पण वाटेत बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागे एक चिंचेचे झाड आहे, त्याला चिंचा धरल्या आहेत, ही बातमी त्यांनी आणली. पन्नास वर्षे त्या गल्लीत राहून मला ते झाड माहीत नव्हते.